पुण्यात कॉल्चिकम लावायचंय? नाहीच जमलं तर कळलावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर लागला की युरोपातल्या बागांचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात, पान एक नाही आणि मातीतून थेट जांभळट गुलाबी फुलं वर आलेली, आणि मग दर वर्षी तेच प्रश्न येतात की हे कॉल्चिकम आपल्या गच्चीत येईल का, कुठे मिळेल, फ्रिजमध्ये ठेवायचं का वगैरे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. कुंडीवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, ज्यांच्याकडे बंगला आणि अंगण आहे त्यांनी आपापलं अ‍ॅडजस्ट करून घ्या.

कॉल्चिकम म्हणजे क्रोकसच ना?

नाही हो. ऑनलाइन विकणारे 'ऑटम क्रोकस' असं लिहितात म्हणून हा घोळ होतो. क्रोकस आयरिसच्या कुळातला, कॉल्चिकमचं कूळच वेगळं, कॉल्चिकेसी. ओळखायचं सोप्पंय, उमललेल्या फुलात वाकून बघा आणि पुंकेसर मोजा, सहा असले तर कॉल्चिकम, तीन असले तर क्रोकस. हे पाठच करून टाका, कारण केशर म्हणजे क्रोकस आणि कॉल्चिकम म्हणजे विष, त्यात गल्लत परवडणारी नाही (विषाचं खाली सविस्तर आहे, ते वाचल्याशिवाय काही मागवू नका). युरोप, भूमध्य समुद्राचा काठ, तुर्कस्तान, इराण ते मध्य आशिया एवढ्या पट्ट्यात कॉल्चिकमच्या शंभरच्या आसपास तरी जाती आहेत, काही जण जवळच्या इतर गटांनाही यातच धरतात, मग आकडा अजून वाढतो.

पानं नसताना फूल येतं कसं?

याचं वर्ष आपल्या डोक्यातल्या वर्षापेक्षा वेगळं चालतं. उन्हाळ्यात कंद जमिनीत गप्प पडून असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात नुसती फुलं. फुलाखाली पांढरट देठ दिसतो ना, तो देठ नाहीच, पाकळ्यांचीच लांब नळी आहे ती, आणि बीजांडकोश खाली मातीत कंदाला चिकटून असतो. फूल सुकून गेलं की वर काहीच उरत नाही, हिवाळाभर सगळं आत, आणि मग तिकडच्या वसंतात म्हणजे मार्च-एप्रिलला रुंद, चकचकीत हिरवी, वीत-दीड वीत लांब पानं वर येतात आणि त्यांच्या मधे मागच्या सप्टेंबरच्या फुलाचं बोंड असतं. जूनपर्यंत पानं पिवळी पडून जातात. त्या दोन-तीन महिन्यांत पानं जे अन्न बनवतात त्यावर नवा कंद तयार होतो, जुना आटून जातो. म्हणजे पानं चांगली झाली तरच पुढच्या वर्षीचं फूल.

मग पुण्यात येईल की नाही ते सांगा ना.

एकदा फुलेल. दर वर्षी फुलणारं कायमचं झाड होणं, ते अवघड आहे, जवळजवळ नाहीच म्हणा.

लोक सांगतात की पुण्यात थंडी पुरत नाही. ते खरंय पण ती अर्धीच गोष्ट झाली. मोठी अडचण पाऊस कधी पडतो ही आहे. कॉल्चिकमच्या बऱ्याचशा जाती ज्या भागातल्या, तिथे पाऊस किंवा बर्फ हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे कंद झोपलेला असताना माती कोरडी आणि पानं असताना माती ओली. पुण्यात बरोब्बर उलटं. वर्षाचा सातशेच्या वर मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमधे, म्हणजे कंदाच्या झोपेच्या ऐन वेळी माती चिक्कट ओली आणि गरम. कंद सडायला अजून काय पाहिजे. यातून वाचला आणि फुलला तर पुढे पानांचा प्रश्न, जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास येतो ठीके, पण दुपारी आपण अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरतो, आणि मार्चपासून ऊन असं लागतं की कोवळी पानं पिवळी पडणारच. पानं लवकर गेली की नवा कंद बारीक, आणि बारीक कंदाला फूल येत नाही. असं दोन वर्षांत प्रकरण आटोपतं.

युरोपातलं नेहमीचं कॉल्चिकम ऑटम्नेल ओलसर कुरणात वाढतं, त्याला उन्हाळ्यातली थोडी ओल चालते, पण तिथला उन्हाळा आणि आपला जुलै यांची बरोबरी करू नका.

फ्रिजमध्ये ठेवून फसवता येईल का? ट्युलिपला करतात तसं?

ट्युलिपला फुलायच्या आधी थंडी लागते म्हणून फ्रिज कामाला येतो. इथे विकायला येणाऱ्या कॉल्चिकमच्या कंदात फुलाची कळी आधीच तयार असते, पहिल्या फुलासाठी फ्रिज लागतच नाही. दुसऱ्या वर्षाच्या फुलासाठी लागतात थंड हवेत वाढलेली पानं, आणि पानं काय फ्रिजमध्ये वाढणार आहेत? तेव्हा राहू दे. आणि घरातल्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, लेबल न लावता विषारी कंद ठेवायचा आणि सकाळी कामाला येणाऱ्या मावशींनी तो भाजीत चिरायचा, हा सीन नकोच.

मित्राने एक कंद दिलाय. काय करू?

नशीबवान आहात. सगळ्यात सोपं म्हणजे मातीच नको. एक बशी घ्या, खाली थोडे खडे, त्यावर कंद उभा ठेवा, खिडकीत उजेड असेल पण दुपारचं कडक ऊन नसेल अशा जागी. पाणीसुद्धा घालायचं नाही! कंदात साठवलेल्या अन्नावरच फुलं वर येतात, एका कंदातून चार-पाच, मोठ्या संकरित कंदातून जास्त. पुण्याच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत बशीखाली ओल धरत नाही ना तेवढं बघा, आणि खिडकीतून पाऊस आत येत असेल तर जागा बदला. फुलं लांबट होऊन आडवी पडली तर समजा उजेड कमी पडला.

एका कंदाचा सगळ्यात जास्त आनंद पुण्यात असाच मिळतो, असं माझं मत आहे. नंतर कुंडीत लावून बघायचा तर बघा, पण आशा बेताचीच ठेवा.

कंद चांगला आहे हे कसं ओळखायचं?

हातात घेतल्यावर जड आणि टणक लागला पाहिजे. वर तपकिरी, कागदासारखी सालं असतात आणि ती वरच्या बाजूला लांब मानेसारखी निघालेली असतात, ती सोलू नका. आकार वाकडातिकडा, एक बाजू सपाट आणि त्यावर खाच, खाली एका कोपऱ्याला टाच आल्यासारखी. नवीन कोंब त्या खाचेच्या बाजूने खालून निघतो, वरच्या टोकातून नाही, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कंद उलटा धरलाय. मऊ लागला, दाबल्यावर ओल आली किंवा हिरवी-निळी बुरशी दिसली तर घेऊ नका. पार्सल उघडतानाच कोंब फुटून पांढरी फुलं आत वाकडी झालेली असतील तर घाबरू नका, उजेडात ठेवली की दोन-तीन दिवसांत रंग धरतात.

कुंडीतच लावायचाय, माती कशी घेऊ?

काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. नर्सरीतली लाल माती एक भाग, जाड वाळू किंवा विटांचा चुरा एक भाग, जुनं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट अर्धा भाग. कोकोपीट कमीत कमी, पावसाळ्यात ते आठवडाभर सुकत नाही. कुंडी मातीची, खाली भोकं मोकळी. कंद साधारण १० सेंटीमीटर खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. ऑगस्टमध्ये लावायचा आणि कुंडी पत्र्याच्या शेडखाली किंवा बाल्कनीत आत, पाऊस थेट लागता कामा नये. फुलं येऊन गेल्यावर पानं दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं. पानं आली की नीट पाणी, सकाळचं ऊन, आणि एकदाच हलकं खत. पानं पिवळी झाली की पाणी बंद आणि कुंडी आडवी करून कोरड्या सावलीत. हिरवी पानं अस्ताव्यस्त दिसतात म्हणून कापायची नाहीत, कापली की कंद उपाशी.

कुठली जात मागवू?

चॉइस करण्याएवढं आपल्याकडे काही मिळतच नाही, पण नावं माहीत असलेली बरी. 'वॉटरलिली' ही दुहेरी, भरपूर पाकळ्यांची गुलाबी, बशीत ठेवायला सगळ्यात देखणी, बागेत मात्र पावसाने लोळते. 'द जायंट' मोठी आणि फिकट जांभळी. कॉल्चिकम स्पेशिओसम कॉकेशस आणि उत्तर तुर्कस्तानकडची, तिचा पांढरा प्रकार 'अल्बम' म्हणून प्रसिद्ध आहे. अ‍ॅग्रिपिनमच्या पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी असतात.

ऑनलाइन 'कॉल्चिकम, १० नग, निळा रंग' असं दिसलं. घेऊ का?

निळं कॉल्चिकम नसतं. गुलाबी, जांभळट, पांढरं, आणि पिवळी एक जात, एवढंच. लिस्टिंगमध्ये निळा, काळा, इंद्रधनुष्यी असलं काही दिसलं की टॅब बंद करा. बियांची पाकिटं पण नको, बीपासून फूल यायला तिकडच्या थंड हवेतसुद्धा तीन ते पाच वर्षं जातात. आणि कंद म्हणून भलतंच काहीतरी येण्याची शक्यता भरपूर, बरेचदा ते रेन लिलीचे छोटे कांदे असतात, जे खरं तर तुमच्या गच्चीसाठी जास्त बरे, पण तेच नर्सरीत फार स्वस्तात मिळतात.

भाऊ नेदरलँड्सला असतो, बॅगेतून आणेल.

नका आणायला लावू. कंद, रोपं, बिया बाहेरून आणायला २००३ चा प्लांट क्वारंटाइन ऑर्डर लागू होतो, त्यात आयातीचा परमिट आणि तिकडच्या सरकारी खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कंदाला कीड-रोग नाही असा दाखला) लागतं. एअरपोर्टवर काढून घेतील हे एक, आणि मातीतून इकडे नसलेली कीड-बुरशी आली तर ते त्याहून वाईट. भावाला चीज आणायला सांगा.

भारतात कुठे उगवत नाही का हे?

उगवतं ना. पश्चिम हिमालयात, काश्मीरपासून हिमाचलपर्यंत कॉल्चिकम ल्युटियम, पिवळ्या फुलांचं. पण ते शरदात नाही फुलत, बर्फ वितळताना फुलतं. युनानीवाले 'सुरंजान' म्हणून वापरतात ते यातलंच. जंगलातून उपसून उपसून त्याचं प्रमाण घटलंय, त्यामुळे काश्मीर ट्रिपला गेलात तर फोटो काढा आणि या.

महाबळेश्वरला प्लॉट आहे, तिकडे तर थंड असतं?

थंड असतं, पण वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कंदाला पोहता येत नाही.

मग पुण्यात लावण्यासारखं याच्या जवळचं काहीच नाही?

हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता! आहे की, कळलावी. ग्लोरिओसा सुपर्बा. कॉल्चिकमच्याच कुळातली, कॉल्चिकेसीमधली, आतलं विषही तेच, कोल्चिसिन. फरक एवढाच की हिचं वेळापत्रक आपल्या पावसाला धरून आहे. पहिल्या पावसात कोंब, श्रावण-भाद्रपदात फुलं, दिवाळीनंतर सगळी वेल सुकून कंद झोपतो तो थेट पुढच्या मे-जूनपर्यंत. ज्या गोष्टीमुळे कॉल्चिकम पुण्यात मरतं त्याच गोष्टीवर ही वाढते.

अग्निशिखा, खड्यानाग अशी हिला अजूनही बरीच नावं आहेत. सिंहगड, मुळशी, ताम्हिणीकडे पावसाळ्यात गेलात तर कुंपणाच्या झुडपांवर चढलेली दिसेल, रस्त्यावरून गाडीतूनही ओळखू येते. तमिळनाडूचं राज्यफूल आहे, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे. आणि आपल्याकडे बहुतेक लोक नर्सरीत जाऊन परदेशी लिली मागतात. असो.

फूल दिसतं कसं? फोटोत उलटं वाटतं.

उलटंच असतं. कळी हिरवी आणि मान खाली घातलेली. उमलायला लागली की सहाही पाकळ्या मागे वळतात आणि वर आभाळाकडे उभ्या राहतात, कडा नागमोडी. पहिल्या दिवशी पाकळ्या हिरवट पिवळ्या, मग टोकाकडून लाल चढत जातो, खाली पिवळा राहतो, हाच तो फोटोतला स्टेज. पुढे काही दिवसांत पूर्ण फूल लालभडक होतं. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी तीन-चार रंगांची फुलं दिसतात. सहा पुंकेसर बाहेर आडवे पसरलेले असतात, आणि सगळ्यात गंमत स्त्रीकेसराची, तो बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जातो, स्वतःच्या पुंकेसरांपासून लांब. फुलपाखरं येतात, शिंजीर पण येतो. पानाचं टोक बघा, ते लांब होऊन गुंडाळलेलं असतं, त्यानेच वेल पकडून चढते, वेगळे ताणे नसतात.

कळलावीचा कंद कधी आणि कसा लावू?

मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. १२ ते १४ इंची कुंडी, माती वर कॉल्चिकमसाठी सांगितली तशीच पण कंपोस्ट जरा जास्त चालेल. कंद इंग्रजी व्ही किंवा एल आकाराचा असतो, पांढरट तपकिरी, आणि डोळा असतो भुजेच्या टोकाला, सहसा एका भुजेला एकच. तो डोळा मोडला की ती भुजा गेली, दुसरीकडून फुटत नाही. म्हणून नर्सरीत हातात घेताना, पिशवीत ठेवताना, स्कूटरच्या डिकीत टाकताना (टाकू नकाच) सांभाळा, कंद फार ठिसूळ असतो. आडवा ठेवायचा, दोन-तीन इंच माती वर, डोळ्याचं टोक कुंडीच्या कडेला टेकू देऊ नका. लावल्यावर एकदा पाणी आणि मग कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर. काही कंद पंधरा-वीस दिवसांत येतात, काही महिन्याहून जास्त झोपून राहतात, उकरून बघायचा मोह आवरा कारण उकरतानाच कोंब मोडतो.

ऊन सकाळचं चार-पाच तास मिळालं तर उत्तम. मुळं सावलीत, शेंडा उन्हात हे हिला आवडतं, म्हणून कुंडीच्या मातीवर पालापाचोळा टाका. नायट्रोजनचं खत मारलं तर नुसती वेल वाढते, कळ्या दिसायला लागल्या की पोटॅश थोडं द्या.

आधार काय द्यायचा?

बारीक काहीतरी. पानाचं टोक जाड बांबूला वेढा घालू शकत नाही. नायलॉनची जाळी, सुतळी, किंवा शेजारच्या कुंडीतलं जास्वंद, मोगरा, मधुमालती असं झुडूप. जंगलात ती तशीच चढते आणि खरं तर झुडपावर चढलेलीच छान दिसते. उंची पाच-सहा फूट सहज, जमिनीत अजून जास्त. शेंडा हाताने वळवायला गेलात तर कट्‌कन मोडतो आणि त्या फांदीचं यंदाचं फूल गेलं, म्हणून दोरी वेलीकडे न्या, वेल दोरीकडे ओढू नका.

डोंगरावर भरपूर दिसते, एक कंद खणून आणला तर?

नको. एक तर वनखात्याच्या हद्दीतून झाडं उपटणं बेकायदा आहे, आणि दुसरं, फुलातली वेल कंदासकट उपटली तर ती जगत नाही, त्या वेळी जुना कंद रिकामा होत आलेला असतो आणि नवा अर्धवट असतो. म्हणजे डोंगरावरची गेली आणि तुमच्या गच्चीतलीही गेली. सोलापूर रोडला उरुळी कांचनकडे नर्सऱ्यांची रांग आहे, तिथे मे-जूनमधे विचारा, जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं तिथे स्टॉलवाल्यांना सांगून ठेवा. मराठी नावाने नाही समजलं तर 'ग्लोरिओसा लिली' म्हणा. बागकामाच्या ओळखीत कुणाकडे असेल तर हिवाळ्यात एक कंद मागून घ्या, हे सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं.

काळ्या अळ्यांनी दोन दिवसांत सगळी पानं खाल्ली!

काळी, अंगावर पांढरे, पिवळसर आणि लाल ठिपके? ती लिली मॉथची अळी, शास्त्रीय नावच पॉलिटेला ग्लोरिओसी, म्हणजे तुमच्या वेलीसाठीच आलेली आहे. विष तिला बाधत नाही. ती स्पायडर लिली, क्रायनमवरही असते, म्हणून सोसायटीच्या गेटपाशी स्पायडर लिलीची रांग असेल तर तिकडून येते. औषध मारण्याआधी ग्लोव्हज घालून चिमट्याने वेचा, सकाळी आणि संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके असतात ते पुसून टाका. लहान अळ्यांवर निंबोळी अर्काचा फवारा बऱ्यापैकी चालतो, मोठ्यांवर नाही. गोगलगायींचा त्रास कोवळ्या कोंबाला होतो, रात्री टॉर्च घेऊन उचलायच्या, दुसरा उपाय नाही.

ऑक्टोबरमध्ये वेल पिवळी पडली, मेली का?

नाही, झोपायला चाललीय. पाणी कमी करत जा, वेल पूर्ण वाळली की बंद. कुंडी तशीच कोरड्या सावलीत ठेवा आणि वर 'रिकामी नाही' असं लिहा, नाहीतर माळी त्यात शेवंती लावतो. किंवा डिसेंबरात कंद काढा, माती झटका, कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये ठेवा, लहान मुलांच्या हाताला येणार नाही अशा जागी. काढताना दिसेल की तुम्ही लावलेला जुना कंद पार सुरकुतलाय आणि नवीन दोन भुजांचा तयार झालाय. त्या दोन भुजा वेगळ्या करून पुढच्या वर्षी दोन कुंड्या करता येतात, प्रत्येकीला डोळा असला म्हणजे झालं.

बिया धरल्यात, लावू का?

लावा, पण पेशन्स असेल तर. बोंड तडकलं की आत नारिंगी-लाल बिया दिसतात, उगवण अनियमित, काही या पावसात, काही पुढच्या. फूल यायला तीनेक वर्षं. गच्चीतल्या वेलीला बोंडं कमी धरतात, कारण तो काटकोनातला स्त्रीकेसर. तमिळनाडूत हिची शेतीच करतात, बियांसाठी, बियांतून कोल्चिसिन काढतात म्हणून, तिथे परागण माणसं हाताने करतात. तुम्हीही एका फुलाचे परागकण दुसऱ्याच्या स्त्रीकेसरावर लावून बघा. आणि बोंडं नको असतील तर सुकलेली फुलं काढून टाका, घरात लहान मूल असेल तर हेच करा, त्या बिया दिसायला फार आकर्षक असतात.

विषारी म्हणजे किती? घरात दीड वर्षाचं मूल आहे.

मग सध्या नको, दोन्हीपैकी काहीच नको. हे मी हलक्यात सांगत नाहीये. कॉल्चिकम आणि कळलावी, दोन्हीचा प्रत्येक भाग विषारी आहे, सगळ्यात जास्त कंद आणि बिया. शिजवून किंवा वाळवून विष जात नाही. युरोपात वसंतातली कॉल्चिकमची पानं रानलसूण समजून खाऊन माणसं दगावली आहेत, श्रीलंकेत कळलावीचा कंद रताळं समजून उकडून खाल्ल्याच्या केसेस आहेत.

याची वाईट खोड अशी की लगेच काही होत नाही. काही तास माणूस ठणठणीत, मग उलट्या, पोटात कळा, जुलाब, नुसतं अन्नातून झालं असं वाटतं, आणि एक-दोन दिवसांत किडनी, हृदय, रक्त तयार होण्याची प्रक्रिया असं एकेक बिघडायला लागतं. सहज मिळेल असा उतारा नाही, हॉस्पिटलमध्ये आधार देणारे उपचारच करतात, म्हणून वेळ महत्त्वाचा. कुणी चावलंय अशी नुसती शंका जरी आली तरी त्रास सुरू व्हायची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या, झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या म्हणजे डॉक्टरांना कळेल. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं वगैरे करू नका. कुत्र्या-मांजरांनाही तितकंच घातक.

नुसतं झाड असण्याने किंवा फुलाला हात लागण्याने काही होत नाही. कंद हाताळताना ग्लोव्हज, नंतर साबणाने हात. बस.

आजोबांना गाऊटसाठी (युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजतात ते) कोल्चिसिनची गोळी दिली आहे डॉक्टरांनी. मग हा कंद औषधीच झाला की?

गोळीत मोजून अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास औषध असतं, आणि तेवढं देतानाही डॉक्टर किडनी बघतात. कंदात किती आहे हे तुम्हाला कळत नाही, मला कळत नाही. उपयोगाचा डोस आणि जिवावर बेतणारा डोस यात अंतर फार कमी आहे. सांधेदुखीवर या कुळातले कंद देण्याची पद्धत दीड हजार वर्षं जुनी, पॅरिसमध्ये पेलेटिए आणि कावांतू या दोन रसायनतज्ज्ञांनी १८२० मध्ये त्यातलं द्रव्य वेगळं काढलं, आणि ते वेगळं काढल्यामुळेच मोजून देता यायला लागलं. बाळंतपणाच्या कळांसाठी कळलावीचा कंद उगाळून लावायची जी जुनी पद्धत सांगतात, ती तर मुळीच करू नका, दवाखाने आहेत आता.

मुलगी बीएस्सी करतेय, ती म्हणते कोल्चिसिनने गुणसूत्रं दुप्पट करतात. घरी करता येईल?

बरोबर म्हणते ती. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे जे धागे असतात ते कोल्चिसिन तयारच होऊ देत नाही, मग गुणसूत्रं दुप्पट होऊन एकाच पेशीत राहतात. १९३७ पासून झाडांवर हे वापरतात. बिनबियांचं कलिंगड यातूनच आलं, आधी दुपटीचं झाड करायचं, मग त्याचा साध्या झाडाशी संकर, की त्या बियांच्या वेलीला लागणारं कलिंगड बिनबियांचं. घरी नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये, मॅडमच्या देखरेखीखाली.

कळलावीची फुलं पूजेला चालतात का?

कोकणात गौरीच्या पूजेला आवर्जून आणतात. पुण्यातही गौरी येतात तेव्हा हिची फुलं ऐन बहरात असतात. फुलदाणीत चार-पाच दिवस टिकतात. फक्त नैवेद्याच्या ताटापासून लांब ठेवा, आणि निर्माल्य गाईला घालू नका.

मला विषबिष नकोच, पण मातीतून अचानक फुलं वर येणारं काहीतरी हवंय.

रेन लिली. दिसायला कॉल्चिकमच्या बरीच जवळ, पाच-सात इंच उंच, गुलाबी, पांढरी, पिवळी, आणि जोराचा पाऊस पडून गेला की तीन-चार दिवसांत कुंडी भरून फुलं. पांढरी जी असते ती पावसाळ्याच्या शेवटी शेवटी जास्त फुलते, म्हणजे तुम्हाला हवा तो शरदाचा फील पण येतो. कांदे हिचेही खायचे नाहीत, पोट बिघडवतात, पण कळलावीइतकं जिवावरचं नाही. उथळ पसरट कुंडीत दाट लावा, दोन इंचांवर एक, एकेकटी लावली तर काहीच दिसत नाही. दोन-तीन वर्षं हलवू नका, गर्दी झाली की जास्त फुलतात. कोरडी ठेवून मग भरपूर पाणी दिलं की पावसाशिवायही फुलतात, ऑक्टोबर हीटमध्ये करून बघा.

कळलावी आणि रेन लिली एकाच कुंडीत चालतील?

चालतील, पण कळलावी झोपल्यावर पाणी बंद करायचं असतं आणि रेन लिलीला हिवाळ्यात अधूनमधून पाणी दिलेलं बरं, त्यामुळे वेगळ्याच ठेवा. दोन कुंड्या शेजारी ठेवल्या तरी दिसायला तेच दिसतं, आणि डिसेंबरात कळलावीची एकटी उचलून आत नेता येते.